गाळाला चार, पाळीला दीड: नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी निधीची पारख

तलाव खोल करायचा असो, गावच्या पडीक जमिनीवर झाडं लावायची असोत, की स्मशानभूमीवर शेड घालायचं असो, ‘निधीच नाही’ हे उत्तर नागपूर जिल्ह्यात आता अर्धंच खरं आहे. निधी पाच-सहा दारांनी येतो. काम अडतं ते सातबाऱ्यावर, मोजमापावर आणि 31 मार्चवर. म्हणून योजनेच्या फलकावर काय लिहिलंय ते बाजूला ठेवून तिच्याकडे सेवा म्हणून पाहू. अर्ज करणाऱ्याच्या हाती काय पडतं, कधी पडतं आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्यातलं किती उरतं? गुण पाचपैकी.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार: 4

2017 ला सुरू झालेली आणि 2023 मध्ये नव्या दरांनी पुन्हा आणलेली ही योजना जिल्ह्यातली सगळ्यात सरळ सेवा आहे. कारण एकच, पैसे घनमीटरवर मिळतात. भाषणावर नाही, आराखड्याच्या जाडीवरही नाही.

2023 च्या शासन निर्णयात दोन दर आहेत. गाळ काढणारं यंत्र आणि इंधन या दोन्हींसाठी घनमीटरला 31 रुपये. शेतात गाळ नेऊन पसरणाऱ्या सीमांत आणि अल्पभूधारक शेतकऱ्याला घनमीटरला 35.75 रुपये, एकरी 400 घनमीटरपर्यंत आणि जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी. विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांना जमीन जास्त असली तरी लाभ मिळतो. एकरी 15 हजार, अडीच एकरांना 37 हजार 500 असे आकडे गावोगाव सांगितले जातात, पण त्या कमाल मर्यादा आहेत. 400 ला 35.75 ने गुणलं की 14,300 येतात आणि हजार घनमीटरचे 35,750. फरक फार नाही, मात्र खात्यात कमी पडले म्हणून ग्रामपंचायतीत भांडणं होतात ती याच फरकावरून.

400 हा आकडा हवेतून आलेला नाही. एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर, त्यावर 10 सेंमी जाडीचा थर म्हणजे साधारण 405 घनमीटर. शेताला एवढा थर पुरतो. त्याहून जाड टाकला तर गाळ खालच्या मातीत मिसळत नाही, वर पापुद्रा धरतो आणि पहिल्या वर्षी उगवण मार खाते.

आता ट्रॉलीचा हिशोब. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणजे अनुदान ब्रासला सुमारे 101 रुपये. खरी मेख पुढे आहे. तलावात दबून बसलेला गाळ बकेटमध्ये आला की फुगतो, साधारण चौथा हिस्सा वाढतो. खड्ड्यातले 400 घनमीटर ट्रॉल्यांत मोजले तर 500 च्या आसपास भरतात. ब्रासच्या ट्रॉलीने 140 खेपा धरल्या असतील तर प्रत्यक्षात पावणेदोनशे होतात. कोणतं माप धरायचं हे यंत्र उतरायच्या आधी लिहून घ्या. खोदण्यापूर्वी तलावाच्या तळाचे आडवे छेद लेव्हलने घेऊन ठेवले, त्यावर अभियंत्याची आणि ग्रामपंचायतीची सही असली, की मग वाद घालायला कोणाकडे काही उरत नाही. फोटोही खोदाईआधीचे, चालू असतानाचे आणि शेतात पसरल्यानंतरचे, एकाच जागेवरून आणि ठिकाणाच्या नोंदीसह काढलेले हवेत.

कागद फार नाहीत: ग्रामपंचायतीचा ठराव, शेतकऱ्यांची मागणी यादी, सातबारा आणि आठ-अ, आधारशी जोडलेलं बँक खातं. गाळ फुकट, त्यावर स्वामित्वधन (रॉयल्टी) नाही. वाळू मात्र काढता येत नाही. गाळाच्या नावाखाली वाळू किंवा मुरूम निघाला की काम तिथेच थांबतं, आणि थांबलंच पाहिजे.

वेळेचं गणित कच्चं असलं की सगळं फसतं. तलावाच्या पोटात गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या तळावर घेतलेलं पीक, असेल तर पीक निघेपर्यंत, म्हणजे बहुधा मार्चअखेरपर्यंत, यंत्र आत जाऊ शकत नाही. मासेमारी संस्थेचा ठेका असेल तर तिला आधी विचारावं लागतं. तळ ओला असेल तर ट्रॉली रुतते. नागपुरात पाऊस जूनच्या मध्यावर येतो. राहिले एप्रिल आणि मे, आणि नेमका तेव्हाच प्रत्येक तालुक्याला पोकलेन हवा असतो. मागणी यादी डिसेंबर-जानेवारीतच तयार ठेवणारी गावं पुढे निघतात.

गाळ कुठे टाकायचा यावर कोणी बोलत नाही, म्हणून थोडं थांबून. रामटेक, मौदा, कुहीकडच्या खरडी आणि बरडी, म्हणजे हलक्या, जमिनीला तो मानवतो, कारण तिथे पाणी धरून ठेवणारी चिकणमातीच कमी असते. भारी काळ्या जमिनीवर टाकलात तर पाणी साचून तूर उभी वाळते. काटोल-नरखेडच्या संत्रा बागेत बुंध्याला टेकवून टाकलात तर डिंक्या रोगाला आवतण दिल्यासारखं आहे. बुंध्याभोवतीची जागा मोकळी ठेवून ओळींच्या मधल्या पट्ट्यात पसरायचा. आणि गाळ हे खत नव्हे. शेणखताचा खर्च त्याने वाचत नाही. मेच्या उन्हात ढेकळं तापून फुटू द्यावीत आणि पहिल्या पावसानंतर वखराची पाळी देऊन मिसळावा. शंका असेल तर गाळाचा नमुना माती परीक्षणाला द्या. सामू (पीएच), क्षारता आणि चुनखडी एवढं जरी कळलं तरी पुरे.

एक गुण कापला तो पांदण रस्त्यांसाठी. दीड-दोन महिने भरलेल्या ट्रॉल्या आणि टिप्पर जाऊन रस्ता चाळण होतो, आणि तो दुरुस्त करायला या योजनेत पैसे नाहीत. शिवाय शेत तलावापासून तीन-चार किलोमीटरवर असेल तर 101 रुपये ब्रासमध्ये डिझेलही निघत नाही. लाभ जवळच्यांनाच होतो.

तलावाची पाळ (बांध), विमोचक (पाणी सोडायची मोरी), सांडवा यांची दुरुस्ती: 1.5

गाळ काढायला यंत्र येतं, पण पाळ धरायला कोणी येत नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांतले माजी मालगुजारी तलाव (जुन्या जमीनदारांचे), लोकांच्या तोंडी मामा तलाव, 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. त्यातले बहुतेक आज जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आहेत. पूर्वी पाळीवरची झुडपं काढणं, पाट साफ करणं हे गाव करत असे. आता मालक सरकार, वापरणारं गाव आणि दुरुस्तीचं लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचं खातं) बारीकसं, अशी विभागणी झाली आहे.

गाळ काढून साठवण वाढते. हजार घनमीटर काढले की 10 लाख लिटर. म्हणजे जुन्या पाळीवर आणि विमोचकावर जास्त काळ जास्त पाणी उभं राहतं. विमोचकाचं दार गळकं असेल तर दिवाळीपर्यंत ते सगळं पाटात वाहून जातं आणि धानाला शेवटचं पाणी देताना तलाव रिकामा असतो. पाळीच्या पायथ्याशी खोदलं तर पाळ खचते. जुन्या चिकणमातीच्या तळाखालचा मुरूम उघडा पडला तर पाणी खालून जातं, आणि ते गळणं नंतर बंद करणं खोदाईपेक्षा महाग पडतं. म्हणून पाळीपासूनचं अंतर आणि खोदाईची कमाल खोली नकाशावर आखून घ्या आणि चुन्याने जागेवर आखून पोकलेन चालवणाऱ्याला दाखवा. त्याला नकाशा वाचायला वेळ नसतो.

पाणवठ्यावर माजणारं बेशरमचं झुडूप उपटायला कोणतंच स्वतंत्र लेखाशीर्ष नाही. कापून उपयोग नाही, ती मुळासकट काढावी लागते. तुकडा ओल्यात पडला की पुन्हा धरते.

पंधरावा वित्त आयोग: 3

2021 ते 2026 या पाच वर्षांत महाराष्ट्रात या अनुदानातला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि पंचायत समिती, जिल्हा परिषदेला प्रत्येकी 10 टक्के, अशी वाटणी होती. त्यात 40 टक्के अबंधित, 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच. बंधितचा अर्धा भाग पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. पाण्याच्या भागात पिण्याच्या पाण्याबरोबर पर्जन्यजल संचय आणि पुनर्वापरही बसतो, हे अनेक सरपंचांच्या ध्यानातच येत नाही. शाळेच्या छतावरचं पाणी गाळणी लावून विहिरीत सोडणं, हातपंपाजवळ शोषखड्डा करणं ही कामं त्यात निघतात. नळयोजनेची विहीर एप्रिलमध्ये आटते त्या गावात हा खर्च टाकीला रंग देण्यापेक्षा शहाणपणाचा.

अट एकच आणि ती पक्की: काम ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात आणि पुढे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढलेलं हवं. नसेल तर काम कितीही चांगलं होवो, देयक निघत नाही. आराखड्याच्या ग्रामसभा 2 ऑक्टोबरपासून होतात. तिथे ‘जलसंधारणाची कामे’ असं मोघम लिहू देऊ नका, गट क्रमांक आणि कामाचं नाव घालायला लावा. पुढे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची डिजिटल सही चालू नसली की पैसा खात्यात पडून राहतो. अधिकाऱ्याची बदली झाल्यावर नवी सही नोंदवायला वेळ जातो, तेव्हा मोठं देयक असेल तर ते त्याआधीच मार्गी लावा. मोठ्या कामाला ही रक्कम पुरत नाही, कारण वाटप मुख्यतः लोकसंख्येवर ठरतं. हजार-दीड हजार वस्तीच्या गावाने इथे तलावाचं स्वप्न पाहू नये.

जिल्हा वार्षिक योजना, 2515 आणि आमदार निधी: 3

मोठी रक्कम इथे आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. जनसुविधेतून दहनभूमी, ग्रामपंचायत भवन, यात्रास्थळ असेल तर ‘क’ वर्ग पर्यटनातून तळ्याकाठचा घाट आणि बाकं, मृद व जलसंधारणातून बंधारे. 2515 म्हणजे ग्रामविकास विभागाचं मूलभूत सुविधांचं लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं त्यातून होतात. आमदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, पण तो पूर्ण मतदारसंघावर पसरतो.

सिमेंट रस्ता आणि सभामंडप या दारातून पटकन निघतात, माती-पाण्याची कामं मागे पडतात. त्याला राजकारण हे एकच कारण नाही. रस्त्याचं अंदाजपत्रक ठरावीक दरसूचीवर दोन दिवसांत होतं. बंधाऱ्याला जागेची पाहणी, पायाचा खड्डा, नाल्याचं पाणलोट क्षेत्र आणि पुराचा हिशोब लागतो. प्रस्ताव तयार नसेल तर फेब्रुवारीत उरलेला पैसा तयार फाईलकडे, म्हणजे रस्त्याकडे, वळतो. जिल्हा परिषदेला खर्चासाठी पुढचा मार्च मिळतो, बाकी विभागांना त्याच वर्षीचा 31 मार्च. म्हणून जलसंधारणाचं अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता ऑगस्टपर्यंत हातात असावी. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर कार्यारंभ आदेश झालेली कामं चालू राहतात, नवीन सुरू होत नाहीत.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान: खाणपट्ट्यात असाल तर 4, नसाल तर शून्य

उमरेड, सावनेर, कामठीकडे कोळसा, रामटेक-मनसरकडे मँगनीज. खाणींच्या स्वामित्वधनाबरोबर त्याच्या 10 किंवा 30 टक्के रक्कम या निधीत जमा होते. 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान 70 टक्के खर्च उच्च प्राधान्याच्या बाबींवर करायचा आहे, आणि पिण्याचं पाणी, पर्यावरण व प्रदूषण नियंत्रण त्यात येतं. सिंचन आणि पाणलोट उरलेल्या भागात. खाणीपासून 15 किलोमीटरपर्यंतचा भाग प्रत्यक्ष बाधित, 25 पर्यंत अप्रत्यक्ष. गावाचं नाव बाधित गावांच्या यादीत आहे का, हे अर्जाआधी बघा. धुळीने भरलेल्या नाल्याची सफाई ‘पर्यावरण’ म्हणून मागितली तर तिचं वजन वाढतं, ‘नाला खोलीकरण’ म्हणून मागितली तर ती सिंचनाच्या रांगेत मागे उभी राहते.

गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे 2002 च्या जैवविविधता कायद्याने अधिकार आहेत, स्थानिक निधीचीही तरतूद आहे, आणि राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. रक्कम लहान. पण लोकजैवविविधता नोंदवही नीट केलेली असेल तर बाकी दारांवर तिचा आधार देता येतो. 2, तेही नोंदवहीसाठी.

शेवटी ज्या कागदाने सर्वांत जास्त फाईली परत येतात तो: जमिनीचा वर्ग. विदर्भात गावच्या पडीक जागेचा सातबारा ‘ई-वर्ग’, ‘गुरचरण’ किंवा ‘झुडपी जंगल’ असा बोलतो. झुडपी जंगल हे वनच, असं सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात सांगितलं. त्यामुळे तिथे वनेतर काम काढायचं तर वन कायद्याखालची परवानगी लागते, ग्रामसभेच्या ठरावाने भागत नाही. प्रस्तावाला हात घालण्याआधी सातबाऱ्याबरोबर तहसीलमधून निस्तारपत्रक काढा. चराई, पाणी, वाट यांचे गावाचे हक्क त्यात गटवार लिहिलेले असतात. सातबारा आणि निस्तारपत्रकातली नोंद जुळत नसेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज पावसाळ्यातच टाका, म्हणजे पिकं निघाल्यावर मोजणीदार शेतात उतरेल आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत अंदाजपत्रकाला जोडता येईल.