पाळणाघर: काकूंकडचं की ब्रँडचं? ठाणे-नवी मुंबईतल्या सेवेकडे मुलाच्या बाजूने पाहताना

नौपाडा, पाचपाखाडी किंवा वाशीच्या जुन्या सोसायटीत एखाद्या काकूंच्या घरी सात-आठ मुलं, नाहीतर घोडबंदर रोड आणि खारघरकडचं, भिंतीवर जिराफ रंगवलेलं ब्रँडचं डेकेअर. स्वच्छता, पावती, सुट्ट्यांचं वेळापत्रक यात ब्रँडवाले सरस, वाद नाही. पण दीड वर्षाच्या पोराला जिराफाशी देणंघेणं नसतं. रडू आलं की कोणाच्या कडेवर जायचं, एवढंच त्याला कळायला हवं असतं.

ब्रँडवाल्यांची दुखरी नस इथेच आहे. सकाळची ताई वेगळी, दुपारनंतरची वेगळी, आणि दोघींपैकी एक कधी नोकरी सोडेल सांगता येत नाही. मूल झोपेतून उठतं तेव्हा समोर परका चेहरा. मग ते रडणं भुकेचं समजून हातात बिस्किट येतं. फिरवून दाखवणाऱ्या मॅडमना एकच विचारा: ‘आमचं मूल नेमकं कोणाकडे असेल, आणि ती रजेवर असली तर कोणाकडे?’ ‘आमचा सगळा स्टाफ ट्रेनिंग घेतलेला आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे.

काकूंकडे चेहरा दिवसभर तोच, वरणभातही मऊ कालवलेला. मात्र काकू आजारी पडल्या की दाराला कुलूप, टीव्ही दुपारभर चालू, आणि एकट्या बाईकडे आठ मुलांत दोन रांगणारी असली की रडणाऱ्याला उचलायला हात उरत नाही. दोन वर्षांखालच्या तीन, फार तर चार मुलांमागे एक माणूस असावं. त्यापुढे आमची शिफारस नाही.

रुळवण्याच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे गुण कमीच. साधारण आठव्या महिन्यापासून बाळ आईबाबा दिसेनासे झाले की कासावीस होतं. दहा ते अठरा महिन्यांत हे सर्वांत जास्त. म्हणून पाचव्या महिन्यात हसत राहिलेलं बाळ नवव्यात दारातच रडायला लागलं, तर पाळणाघर बिघडलं असं लगेच समजू नये. तसंच 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा वाढवून दहाव्या महिन्यात ठेवणार असाल, तर रुळायला जादा दिवस हाताशी ठेवा.

जर्मनीतल्या ‘बर्लिन’ पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर त्याच खोलीत बसतात, बाहेर पडत नाहीत. चौथ्या दिवशी सांगून, टाटा करून काही मिनिटं बाहेर. जास्तीत जास्त अर्धा तास. ताईच्या कुशीत मूल शांत झालं तर वेळ वाढवायची, नाहीतर आणखी काही दिवस सोबत बसायचं. आपल्याकडे सर्रास सांगतात, ‘तुम्ही हळूच निघा, आठवड्यात विसरेल.’ तसं केलं की मूल घरीही पदर सोडत नाही, कारण माणूस कधी नाहीसं होईल याचा भरवसा गेलेला असतो. पालकाला सुरुवातीचे दिवस आत बसूच न देणारं ठिकाण तिथेच बाद करावं.

सीसीटीव्हीवर फार विसंबू नका. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, तीही कॅमेऱ्यासमोरच. त्यापेक्षा न कळवता दुपारी साडेबारा ते दीडमध्ये जा. भरवणं आणि झोपवणं तेव्हाच चालतं. थोपटून झोपवतात की दटावून? एकाच चमच्याने तीन तोंडं? रडणाऱ्याला ‘बघ, सगळे हसतायत तुला’ म्हणाले, तर उठून या.

ऑफिसचं क्रेश, म्हणजे कंपनीचं पाळणाघर, हेही विसरू नका. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ते लागतं, आणि आईला दिवसात चार वेळा जाता येतं. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी याहून चांगलं काही नाही, फक्त ठाण्याहून ऐरोलीच्या गर्दीच्या लोकलमध्ये बाळ रोज नेता आलं पाहिजे. वर्षाच्या पुढे मात्र चार भेटी म्हणजे चार वेळा रडणं; एकच भेट ठेवा.

राहता राहिली बंद व्हायची वेळ. ती सातची असेल आणि तुमचा परतीचा रस्ता घोडबंदरचा, तर उशिराच्या दंडाआधी हे विचारा की शेवटच्या मुलाजवळ कोण थांबतं: त्याची ताई, की ऑफिसातलं कोणी.