छताखालचा सांगाडा: लाकडी रिपा, थेट बसवलेले चॅनल की टांगती चौकट?

मुंबईतील सदनिकेत फॉल्स सीलिंगचा सांगाडा ठरवताना दराआधी उंची मोजावी. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर आणि वातानुकूलित खोलीत फॉल्स सीलिंगखाली किमान 2.4 मीटर असावी लागते. स्लॅबची मूळ उंचीच बेताची असेल, तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

स्लॅबला थेट ठोकलेल्या लाकडी रिपा सर्वांत कमी उंची घेतात आणि सुताराला ते काम सवयीचे असते. मात्र पावसाळ्यात फुगणारे आणि नंतर आकसणारे लाकूड जिप्सम बोर्डाच्या सांध्यांना तडे पाडते, आणि जिथे वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची किंवा गच्चीची ओल झिरपते तिथे कूज व वाळवी ठरलेली. म्हणून गच्चीखालच्या, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरात मी रिपा सुचवणार नाही, भले त्या कितीही स्वस्त पडोत.

जस्तलेपित पत्र्याचे चॅनल क्लिपांवर थेट स्लॅबला बसवले, तर उंची थोडीच जास्त जाते आणि ओलीने फुगण्याचा प्रश्न उरत नाही. अडचण छिद्रांची आहे. बोर्डासाठी चॅनलच्या ओळी साधारण 450 मिलिमीटरवर लागतात आणि थेट पद्धतीत प्रत्येक ओळ ठिकठिकाणी स्लॅबला धरावी लागते. टांगत्या चौकटीत मात्र वरचे आडवे चॅनल सुमारे 1220 मिलिमीटर अंतरावर लटकतात आणि खालच्या ओळी त्यांनाच अडकवल्या जातात, म्हणून ड्रिल बरेच कमी चालते. नव्या टॉवरमध्ये स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचा असल्यास हा फरक निर्णायक ठरतो, कारण आतल्या ताणलेल्या केबलला ड्रिल लागणे धोक्याचे असते. अशा ठिकाणी छिद्रांची जागा व खोली सोसायटीकडील नकाशे पाहूनच ठरवावी. जुन्या इमारतीत पोपडे सुटलेल्या, सळई गंजलेल्या स्लॅबला कोणतीच चौकट टांगू नये. आधी दुरुस्ती, मग सीलिंग. चौकट स्लॅबला धरून ठेवणारा फास्टनर धातूचा हवा आणि तो गिलाव्यात नव्हे, तर पक्क्या काँक्रीटमध्ये रुतायला हवा. छिद्रात ठोकलेल्या लाकडी गिट्टीवर (खुंटीवर) छत टांगणारा कारागीर दिसला, तर काम थांबवावे.

टांगती चौकट चार ते सहा इंच उंची खाते, पण तुळईच्या बाजूची पोकळी वापरता येते, वाकडा स्लॅब लेझर लावून सरळ रेषेत झाकता येतो आणि एसीची तांब्याची व पाणी काढणारी नळी उतारासह लपवता येते. यातल्या कशाचीच गरज नसेल, तर बेताच्या उंचीच्या खोलीत थेट चॅनल पुरेसे आहेत.

वरच्या घराच्या सांडपाण्याच्या नळ्या आपल्या न्हाणीघरात उतरत असतील, तर तेथे 600 मिलिमीटर चौरसांची, ओल सोसणाऱ्या टाइलची ग्रिड घ्यावी. गळती शोधायला प्लंबरला एक टाइल उचलली की झाले.

पंखा यांपैकी कोणत्याही चौकटीला लावू नये. त्याचा हुक स्लॅबमधूनच यावा आणि सीलिंग जितके खाली येईल तितका लांब दांडा बोर्ड लावण्यापूर्वीच आणून ठेवावा.