ब्रूपबची टूर आणि लोण्याचा वास

तीस वर्षं परळच्या लॅबमध्ये स्लाइड बघितल्या. यीस्ट म्हटलं की मला लघवीच्या नमुन्यातल्या पेशी आठवतात, एकीच्या अंगाला दुसरी कळी फुटलेली. म्हणून भाच्याने वाढदिवसाला लोअर परळच्या एका ब्रूपबची टूर दिली, तेव्हा मी बिअरसाठी नाही, यीस्ट बिअर आंबवतं त्या टाकीसाठी गेले; ब्रूपब म्हणजे बिअर तिथेच बनवून विकणारा पब. नाव मुद्दाम लिहीत नाही.

टाकीपाशी मात्र जीव रमला. टाकीची नळी पाण्याच्या बादलीत सोडलेली आणि बादलीत एकसारखं बुडबुड बुडबुड. तो कार्बन डायऑक्साइड. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोड पाण्यात मुख्यतः माल्टोज ही साखर असते. यीस्ट ती आत घेतं, तोडून ग्लुकोज करतं आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे अल्कोहोलचे दोन, या वायूचे दोन रेणू सोडतं. बाहेर घामाच्या धारा आणि टाकीवर आकडा १९ अंश. टाकी थंड ठेवावी लागते, कारण काम करताना यीस्ट स्वतःच ती तापवतं. जास्त तापलं की बिअर घशाला जाळते. हायड्रोमीटरवर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता मोजणाऱ्या नळीवर (पाणी म्हणजे १.०००, साखर संपत गेली की आकडा उतरतो), सुरुवातीला १.०४८ होते, आता १.०१२. म्हणजे अल्कोहोल पावणेपाच टक्क्यांच्या आसपास.

"मग १.००० पर्यंत का उतरत नाही?" विचारलं, तर माहिती देणारा मुलगा गडबडला. डेक्स्ट्रिनच्या, म्हणजे जोडलेल्या ग्लुकोजच्या, लांब साखळ्या या यीस्टला पचत नाहीत रे बाबा, त्या तशाच राहतात! वर म्हणतो, "मावशी, इडलीच्या पिठासारखंच." इडलीचं पीठ मुख्यतः लॅक्टिक अ‍ॅसिडचे जिवाणू आंबवतात. भाच्याने कोपराने ढोसलं म्हणून गप्प बसले.

चवीला तीन छोटे ग्लास. गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा सुरेख वास. त्यात केळं नसतं, ती त्या यीस्टचीच करामत. लागरला मात्र थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा, लोण्याचा वास. हे डायअ‍ॅसिटिल नावाचं रसायन. त्याचा कच्चा माल यीस्टच बाहेर टाकतं आणि पुढे तयार झालेलं डायअ‍ॅसिटिलही तेच गिळून टाकतं. शेवटचे दोन-तीन दिवस थोड्या उबेत राहू द्यायचं, एवढंच. इथे बहुतेक तेवढाही धीर धरला नसावा. नळ अस्वच्छ असले तरी असा वास येतो, म्हणून तेही विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, ही आमची स्टाइल आहे."

टाकी आणि बादलीला चार तारे, लागरला एक. सूक्ष्मदर्शक ठेवलात तर पुन्हा येईन, स्लाइड मी घेऊन येते.