वेबसाइटचा मजकूर कोणी लिहायचा? स्वतः, फ्रीलान्सर, एजन्सी की एआय: कोल्हापुरातल्या धंद्यांसाठी तुलना

डोमेन (वेबसाइटचं नाव) घेतलं, डिझाइन पसंत केलं, फोटो दिले, की डेव्हलपरचा निरोप येतो: "आता मजकूर पाठवा." बहुतेक वेबसाइट इथे अडतात. मग कोणी जुन्या माहितीपत्रकातला मजकूर चिकटवतो, कोणी महिन्याचं पॅकेज घेतो, कोणी एआयकडून रात्रीत वीस पानं लिहून घेतो. यातलं काय निवडायचं हे खर्चावर ठरवण्याआधी एक गोष्ट बघावी. गिऱ्हाईक जो प्रश्न गूगलला विचारणार आहे, त्याचं उत्तर आज कोणाच्या डोक्यात आहे, आणि तिथून ते पानावर कोण आणू शकेल?

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या (चपलांच्या बाजारातल्या) एखाद्या दुकानाचं उदाहरण घेऊ. "पारंपरिक, टिकाऊ आणि आरामदायी कोल्हापुरी चप्पल वाजवी दरात" हे वाक्य कुठल्याही दुकानाला चालतं, म्हणून ते कोणाच्याच कामाचं नाही. याउलट हे बघा: चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं आहे, शिलाई चामड्याच्या वादीची आहे, नवी चप्पल सुरुवातीला अंगठ्यापाशी घट्ट लागते आणि वापरून सैलावते, भिजली तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवायची. लोक नेमकं हेच शोधतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून ८ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला दाखवल्यावर तर "अस्सल कशी ओळखायची" हा प्रश्न दूरदूरचे लोक विचारू लागले. त्याचं उत्तर दुकानदार आणि कारागीर रोज तोंडी देतात. लिहिलेलं मात्र फार थोड्या ठिकाणी सापडतं.

स्वतः लिहिणं

छोटं दुकान, लॉज, गुऱ्हाळ किंवा घरगुती मसाल्याचा धंदा असेल तर सुरुवात इथूनच करावी. लिहिता येत नाही ही अडचण खरी नसते, कारण लिहायचं नसतंच. दोन आठवडे काउंटरवर एक वही ठेवा. फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि समोर आलेला प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत टिपा. वीस-पंचवीस प्रश्न जमले की मोबाइलच्या कीबोर्डवरचं माइक दाबून एकेका प्रश्नाचं उत्तर मराठीत बोला, साधारण ६० ते १०० शब्दांत. सारख्या विषयाची उत्तरं एकत्र केली की एक पान तयार होतं.

गूळ विकणाऱ्याच्या वहीत काय येईल? रवा (गुळाची ढेप) किती किलोचा? गूळ इतका पिवळाधमक का, आणि काळसर असेल तर तो जुना असतो का? घाण काढायला भेंडीचा रस वापरता की पावडर? पावसाळ्यात पाणी सुटू नये म्हणून कसा ठेवायचा? काकवी मिळते का? हे सगळं एका पानावर नीट आलं, तर ते पान मोठ्या कंपनीच्या गुळगुळीत पानापेक्षा गिऱ्हाइकाच्या जास्त उपयोगाचं ठरतं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे तिसऱ्या पानानंतर उत्साह संपतो. त्यावर उपाय एकच: आठवड्याचा एक ठरलेला तास आणि सुरुवातीला फक्त आठ-दहा पानांचं उद्दिष्ट. दुसरं फाँटचं. जुनं माहितीपत्रक श्रीलिपी किंवा तशा जुन्या फाँटमध्ये केलेलं असतं. त्यातला मजकूर वेबसाइटवर टाकला की पडद्यावर मराठी दिसू शकतं, पण गूगलला तिथे निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. परीक्षा सोपी आहे. वेबसाइटवरची ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करा; नीट वाचता आली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांत आहे. ओळ कॉपीच होत नसेल तर तो मजकूर फोटोत अडकलेला आहे. फ्लेक्सचं डिझाइनच पानावर चढवलं की असं होतं, आणि त्यातल्या शब्दांवर विसंबून पान शोधात येईल असं धरता येत नाही. तिसरं, लाजेपोटी दर न लिहिणं. नेमका दर देता येत नसेल तर "इतक्यापासून इतक्यापर्यंत" आणि तो कशाने बदलतो, एवढं तरी लिहा.

फ्रीलान्स लेखक

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीसाठी (धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी) हा पर्याय सर्वांत योग्य वाटतो. इथला खरेदीदार पुण्यातला किंवा परराज्यातला असतो आणि तो इंग्रजीत शोधतो. "दर्जेदार कास्टिंग" वाचून तो फोन करत नाही. त्याला हवं असतं ते असं: ग्रे आयर्न कोणत्या ग्रेडपर्यंत (एफजी २०० की २६० की ३००), एसजी आयर्न ४००/१५ आणि ५००/७ दोन्ही ओतता का, एका कास्टिंगचं वजन किती किलोपासून कितीपर्यंत, मोल्डिंग बॉक्सचा आकार काय, भट्टीची क्षमता किती, महिन्याला किती टन, स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक तपासणारं यंत्र) स्वतःचा आहे का, पॅटर्न आणि मशिनिंग आत होतं की बाहेर, आणि पॅटर्न तयार झाल्यावर पहिला नमुना किती दिवसांत मिळतो.

हे आकडे लेखकाकडे नसतात. ते प्रॉडक्शन मॅनेजरच्या डोक्यात असतात. म्हणून लेखक निवडताना त्याची भाषा दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी तो काय विचारतो ते बघा. दोन ओळींचा विषय घेऊन जो लगेच लिहायला बसतो तो इंटरनेटवरचंच परत लिहून देणार. जो म्हणतो, "मॅनेजर साहेबांचा एक तास द्या आणि शॉप फ्लोअर दाखवा," त्याला काम द्यावं.

दर ठरवण्याची पद्धतही मजकूर बिघडवते. शब्दाला एक रुपया धरला तर ५०० शब्दांत संपणारं पान १,२०० शब्दांचं करण्यातच लेखकाचा फायदा असतो. मग "आजच्या स्पर्धेच्या युगात" अशा ओळी येतात. त्यापेक्षा पानामागे दर ठरवा, त्यात एक मुलाखत आणि दोन दुरुस्त्या धरा, आणि आधी एकच पान पैसे देऊन करून घ्या. फुकट नमुना मागितला तर तो फुकटाच्याच दर्जाचा येतो.

एजन्सी

एजन्सीचं खरं बळ लिहिण्यात नसतं, तर वेबसाइटच्या आतल्या कामात असतं. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचे दोनशे प्रकार विकायचे आहेत, मराठी आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या हव्यात, पान मोबाइलवर उशिरा उघडतं, सारखीच वर्णनं दोनशे ठिकाणी पडली आहेत: हे एकट्या लेखकाच्या हातातलं काम नाही. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा हे गूगलचं मोजमाप आहे, आणि चार-चार एमबीचे फोटो चढवलेल्या वेबसाइटला ते जमणं कठीण.

पण "महिन्याला चार ब्लॉग" असं पॅकेज असेल तर ते चार विषय आधी मागून बघा. "चांदीचे महत्त्व", "दागिन्यांचा इतिहास" असे विषय आले तर वाचक येईलही, गिऱ्हाईक नाही. विक्रीच्या पानांवर वजन, टंच, मजुरी, परत घेण्याचे नियम नसताना लेख वाढवणं ही पैशाची नासाडी आहे. दुसरा धोका गावागणिक पानांचा: सांगली, इचलकरंजी, कराड, निपाणी, एकच मजकूर आणि फक्त गावाचं नाव बदललेलं. अशा पानांना गूगल आपल्या स्पॅम धोरणात डोअरवे पानं म्हणतं. आणि "तीन महिन्यांत पहिला नंबर, हमखास" असं लिहून देणाऱ्याकडून उठून यावं. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहिलं आहे. शोधात वर येण्यासाठी केलेल्या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हेही त्यांच्याकडूनच सांगितलं गेलं आहे.

एआय

एआयने लिहिलं म्हणून गूगल पान खाली ढकलतं, हा समज चुकीचा आहे. मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो किती उपयोगी आहे हे बघतो, असं गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. पण मार्च २०२४ पासून, केवळ शोधात वर येण्यासाठी ढीगभर निरुपयोगी पानं काढणं स्पॅममध्ये धरलं जातं, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने.

अडचण वेगळीच आहे. तुमच्या दुकानातलं एआयला काही माहीत नसतं, म्हणून रिकामी जागा तो सरासरीने भरतो. कोल्हापुरी चपलेच्या वर्णनात मोजडीचं भरतकाम शिरतं. मराठीत हिंदी वळण येतं: "आपल्या पायांना सुंदरता प्रदान करते". सर्वांत घातक म्हणजे खाद्यपदार्थांबद्दलचे दावे. गुळाच्या पानावर "रक्तक्षय बरा होतो, मधुमेहींना सुरक्षित" असं तो सहज लिहून जातो. आजार बरा होण्याचे असे दावे २०१८ च्या अन्नसुरक्षा जाहिरात नियमांत बसत नाहीत, आणि त्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. मधुमेही माणसाने ते खरं मानलं तर काय, हा विचार नियमाच्याही आधी करायला हवा.

याच एआयला तुम्ही बोललेली उत्तरं दिली तर तो उत्तम मदतनीस होतो. सूचना अशी द्या: "या मजकुरातलीच माहिती वापर, नवीन काही घालू नकोस, विषयवार लाव, आणि कुठली माहिती कमी आहे ते प्रश्न म्हणून विचार." शेवटचा भाग सोन्यासारखा आहे, ते प्रश्न वहीत सुटलेल्या जागा दाखवतात.

| | स्वतः | फ्रीलान्सर | एजन्सी | फक्त एआय |
|---|---|---|---|---|
| माहितीचा अस्सलपणा | सर्वांत जास्त | मुलाखतीवर अवलंबून | बहुधा कमी | नाही |
| तुमचा वेळ | पानाला दोन-तीन संध्याकाळी | पानाला एक-दोन तास | बैठका आणि तपासणी | तपासायला बराच |
| तांत्रिक बाजू | कच्ची | मध्यम | भक्कम | नाही |
| मुख्य धोका | काम अर्धवट राहणं | शब्द फुगवणं | ताबा हातून जाणं | चुकीचे दावे |

भाषेचा प्रश्न

मंदिराजवळच्या लॉजला हा प्रश्न सगळ्यात आधी पडतो. आपण "अंबाबाई" म्हणतो. बाहेरून येणारा बहुधा "महालक्ष्मी मंदिर" शोधतो. पानाच्या शीर्षकात एक आणि पहिल्या परिच्छेदात दुसरं, असं दोन्ही नैसर्गिकपणे यायला हवं. पुष्कळ लोक मराठी प्रश्न रोमन अक्षरांत टाइप करतात, म्हणून पानाचा पत्ता रोमनमध्ये आणि छोटा ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते. मराठी आणि इंग्रजी एकाच पानावर खालीवर न टाकता दोन वेगळी पानं करा आणि ती एकमेकांना जोडा.

किरणोत्सवाचं (मावळत्या सूर्याची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात त्या दिवसांचं) पान दरवर्षी नवं काढू नका. तारखा ठरलेल्या आहेत (३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर), त्यामुळे साल नसलेला एकच कायमचा पत्ता ठेवा आणि दर वर्षी दोन महिने आधी मजकूर ताजा करा. त्यात सूर्यास्ताच्या सुमाराची गर्दी, मंदिरापर्यंत चालत किती मिनिटं, गाडी कुठे लावायची, गरम पाणी किती वाजता, चेक-आउट चोवीस तासांचं की सकाळचं, हे हवं. लॉजला मात्र वेबसाइटआधी गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल पूर्ण भरणं जास्त फोन देतं; ते आधी उरका.

मग कोणी काय घ्यावं

छोटं दुकान, गुऱ्हाळ, लॉज: स्वतः बोलून घ्या, एआयकडून लावून घ्या, आणि शुद्धलेखन जाणणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. फाउंड्री, मशीन शॉप, निर्यातदार: मुलाखत घेणारा फ्रीलान्सर, आधी सहा-सात सेवापानं, लेख नंतर. शेकडो उत्पादनं किंवा अनेक भाषा असतील तर एजन्सी, पण मजकुराचा कच्चा माल तुमच्या माणसाने द्यायचा. फक्त एआयवर कोणीच विसंबू नये.

काम कोणालाही द्या, पहिला हप्ता देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर. होस्टिंगचा (वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या सेवेचा) पासवर्ड तुमच्याकडे. सर्च कन्सोलमध्ये (पानं शोधात कशी दिसतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात) मालक म्हणून तुम्ही, एजन्सी फक्त वापरकर्ता. मजकुराचे हक्क पैसे दिल्यावर तुमचे. वेबसाइट सुरू झाल्याच्या दिवशी वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये "सर्च इंजिनांना परावृत्त करा" हा चौकोन टिक केलेला राहिला नाही ना, तेही तपासा. काम चालू असताना तो टिक करतात आणि काढायला विसरतात. मग महिनोन्महिने पान शोधात का येत नाही ते कळत नाही.

तीन महिन्यांनी सर्च कन्सोल उघडा. ते फुकट आहे. एखादं पान दिसतंय खूप पण त्यावर कोणी येत नसेल, तर शीर्षक आणि वर्णन बदला. सरासरी स्थान ८ ते २० च्या दरम्यान असेल तर नवं पान न काढता त्याच पानात, लोकांनी शोधलेल्या शब्दांची उत्तरं घाला. दोन पानं एकाच शोधाला आळीपाळीने दिसत असतील तर ती एकत्र करून जुना पत्ता नव्याकडे वळवा. "क्रॉल झालं पण इंडेक्स नाही", म्हणजे गूगलने पान वाचलं पण शोधाच्या यादीत घेतलं नाही, असं येत असेल तर बहुतेक वेळा पानात स्वतःचं असं काही नसतं, किंवा वेबसाइटवरून त्याकडे जाणारा एकही दुवा नसतो. अशा वेळी वहीकडे परत जा आणि त्या विषयावरचे आणखी पाच प्रश्न त्या पानावर आणा.