अधूनमधून बंद पडणारी गाडी आणि कधीच न बदललेला ईसीयू

म्हापशाच्या आसपास जुन्या गाडीचं काम करून घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण फसवायची तऱ्हा इतकी ठरीव आहे की पाटी वेगळी असली तरी ओळखू येईल.

गाडी २००९ ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. पंधरा वर्षं झाल्यावर पुढच्या पाच वर्षांसाठी आरसीचं नूतनीकरण करून घेतलेलं, म्हणजे ती इतक्यात विकायची नाही हे उघड. गॅरेजवाल्याने पहिल्या गप्पांतच हे काढून घेतलं. दुखणं असं की सकाळी डिचोलीहून म्हापशाला निघालं की गाडी झकास. दुपारच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकलं, किंवा बेळगावला जाताना केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलं, की दिव्याचं बटण बंद करावं तसं इंजिन बंद. धक्के नाहीत, धूर नाही. सेल्फ मारला की स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की एका सेल्फात चालू. घाटात मोबाईलला धड रेंज नाही, समोरून भाजीचे टेंपो उतरत असतात आणि वळणावर आपण हजार्ड लावून उभे.

अशा दुखण्याची गोम ही की गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत ते गायब झालेलं असतं. मेकॅनिकने काहीही बदललं, अगदी काहीच बदललं नाही, तरी गाडी पुढचे काही दिवस नीट चालते. कारण ती तशीही चालणारच होती. प्रामाणिक मेस्तला ही डोकेदुखी वाटते, लबाडाला आयतं कुरण.

पहिल्या वेळी त्याने स्टेअरिंगखाली स्कॅनर लावला, पडद्याकडे बघून जीभ चुकचुकली आणि निकाल दिला, फ्युएल पंप. वर पेट्रोलातल्या इथेनॉलचं पुराण. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांचे पंप धडाधड जातायत, म्हणे. यात अर्धं सत्य आहे म्हणून ते पटतं. त्या पेट्रोलला जुळणारे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत घातले जातात, आणि जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉलचा त्रास होऊ शकतो. पण इंजिन तापल्यावरच बंद आणि गार झाल्यावर चालू, या नेमाचा इथेनॉलशी काय संबंध, हे त्याने सांगितलं नाही. स्कॅनरच्या पडद्याचा फोटो मी काढून ठेवला होता, घरी बायकोला पाठवायला. हा फोटो पुढे कामाला आला.

पंपाचे आठ हजार दिले. गाडी चालली, आणि मग एका दुपारी अस्नोड्याजवळ पुन्हा तेच. आता त्याचा चेहरा गंभीर. "पात्रांव, ईसीयू गेला. पावसाळ्याची ओल कार्डात शिरल्या." ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर. हेही गोव्यात खोटं वाटत नाही, आपल्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात, अर्थिंगच्या पट्ट्या गंजतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं. सव्वीस हजार सांगितले. जुना ईसीयू परत मागितला तर म्हणाला, तो एक्सचेंजमध्ये द्यावा लागतो, नाहीतर आणखी सहा हजार. बिल लेटरपॅडवर, जीएसटी नंबर नाही, 'ईसीयू रिप्लेस्ड' एवढीच एक ओळ.

घाटात ती पुन्हा थांबली तेव्हा मेहुण्याने साखळीकडच्या एका वयस्क मेस्तचं नाव सुचवलं. हे पूर्वी खाणीवरचे टिपर सांभाळायचे. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग सुरू होऊन २०१८ ला पुन्हा थांबल्या, तेव्हापासून घराशेजारी पत्र्याची शेड घालून छोट्या गाड्यांचं काम करतात. त्यांनी आधी पान्याला हात लावला नाही. बंद पडताना आरपीएमचा काटा हळूहळू खाली येतो की एकदम शून्यावर पडतो, एवढंच विचारलं. मी कधी पाहिलं नव्हतं. "मग चल बाब, बंद पाडूया," म्हणाले आणि शेजारी बसून केरीच्या वर घेऊन गेले.

गाडीने मान राखला, चढावावर बंद पडली. काटा एकदम शून्यावर. मेस्तने चावी 'ऑन'ला नेऊन मला गप्प बसायला सांगितलं. मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण आली. पंप चालू होता. मग सेल्फ मारायला लावला. बऱ्याच गाड्यांत स्टार्टर फिरताना काटा थोडा तरी उचलतो, आमचा जागचा हलला नाही. म्हणजे इंजिन फिरतंय ही खबरच ईसीयूला पोचत नाही, मग तो ना स्पार्क देणार ना पेट्रोल. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवून गिअरबॉक्सजवळच्या क्रँक सेन्सरवर, म्हणजे ही खबर देणाऱ्या भागावर, दाबून धरलं. थोड्या वेळाने सेल्फ मारला, चालू! या सेन्सरच्या आत बारीक तारेचं वेटोळं असतं. वय झालं की तापल्यावर तार कुठेतरी सुटते आणि गार झाल्यावर पुन्हा टेकते. शेडमध्ये येऊन त्यांनी तो काढला आणि मीटर लावून दाखवला. गार असताना काही शे ओहम, हेअर ड्रायरने तापवल्यावर सर्किटच तुटलेलं. दोन तारांचा सेन्सर असेल तर ही परीक्षा कुणालाही समोर बघता येते. तीन तारांचा असेल तर अशी मोजणी चालत नाही. नवा सेन्सर मजुरीसकट दीड हजाराच्या आत.

इथवर मला वाटत होतं की पहिल्या माणसाला निदान जमलं नाही, एवढंच. मेस्तने मागची सीट उचलली. पंपावरचं झाकण मूळच्या काळ्या सीलंटने बंद होतं, सीलंट कुठेही कापलेलं नाही, स्क्रूंच्या खाचांत लाल माती घट्ट बसलेली. आणि झाकणावर कांगलां या रानफळांचे वाळलेले दाणे पसरलेले. चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान मागच्या सीटवरून आणलं होतं, तेव्हाचे. पंपाचं बिल दिवाळीनंतरचं! पंप बदलताना ते झाकण उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

ईसीयूचं पितळही तसंच उघडं पडलं. गाडीला इमोबिलायझर आहे, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ईसीयू नवा बसवला तर चाव्या त्याला नव्याने शिकवाव्या लागतात. आमची दुसरी चावी कपाटातून बाहेरच पडली नव्हती, तरी तिच्यावर गाडी चालू झाली. हे सांगितल्यावर गॅरेजवाला म्हणाला, जुना डाटा कॉपी केला. तसं करता येतं, हे खरं. पण ईसीयूच्या ब्रॅकेटचे बोल्ट कंपनीने कसले तसेच होते, मूळच्या रंगाच्या खुणेसकट.

मेस्तने तो स्कॅनरचा फोटो मोठा करून बघितला. कोड होता पी ०३३५. हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे. पहिल्याच दिवशी उत्तर त्याच्या पडद्यावर होतं. त्याने ते वाचलं, आम्हाला पंप सांगितला आणि कोड पुसून गाडी परत दिली. याला मी अडाणीपणा म्हणत नाही.

कोड म्हणजे निकाल नव्हे, हेही मेस्तनेच सांगितलं. तोच कोड उंदराने कुरतडलेल्या वायरनेही येतो. म्हणून तो बिलावर लिहून मागावा आणि कशाने खात्री केली ते विचारावं. अधूनमधून होणाऱ्या बिघाडात 'बघा, आता चालते' याला काडीची किंमत नाही. बिघाड समोर घडवून दाखवत नाही तोवर महागडा भाग बदलायला हो म्हणू नका. गाडी सोडण्यापूर्वी ईसीयूच्या स्टिकरवरच्या नंबराचा फोटो घ्या, पंपाच्या झाकणावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. जुना भाग हातात मिळणार हे आधी ठरवा. 'एक्सचेंज' म्हणाला तर ते बिलावर लिही म्हणा. लिहायची वेळ आली की भाव कसा उतरतो ते बघाच.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला. अर्धे पैसे रोख देतो, तक्रार मागे घ्या, कागद नको. मी म्हटलं, पूर्ण रक्कम बँकेत भर आणि भाग बदलले नव्हते एवढं लिहून दे. त्यानंतर फोन उचलत नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही होतो. मेस्तने लेखी निरीक्षण दिलंय, झाकणाचे आणि बोल्टचे फोटो तारखेसकट आहेत.

कुणाकडे असंच लेटरपॅडवरचं बिल पडून असेल तर ते आणि यूपीआयची पावती जपून ठेवा. तक्रारीला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.