रोज एक वाक्य, बोलणारा गायब (आठ महिन्यांनंतर)

इंग्रजी साहित्यातल्या गाजलेल्या वाक्यांचं टेबल कॅलेंडर, रोज एक पान फाडायचं ते. 499 चं 349 ला मिळालं म्हणून घेतलं. घरी उघडल्यावर कळलं, शनिवार-रविवार मिळून एकच पान! पैसे 365 दिवसांचे, पानं 313. दोन तारे तिथेच ठरले होते.

पण खरं दुखणं वेगळंच. वाक्याखाली लेखकाचं नाव असतं, ते कुणाच्या तोंडी आहे हे मात्र कुठेच नाही. जूनमध्ये जेन ऑस्टिनचं आलं: वाचनासारखं सुख नाही. मी खूश होऊन फ्रिजवर चिकटवलं. भाची इंग्रजीत एम.ए. करतेय, ती हसतच सुटली. "अरे मामा, हे 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीतली कॅरोलाइन बिंगली म्हणते, डार्सीवर छाप पाडायला! डार्सी वाचतोय त्याच पुस्तकाचा दुसरा खंड हातात धरून बसलीये, आणि हे बोलायच्या आधी भलीमोठी जांभई देते."

कॅलेंडरवाल्यांना सविस्तर मेल केली. उत्तर आलं, पान फाटलेलं असल्यास फोटो पाठवा. अहो, फाडायचंच कॅलेंडर आहे ते!

मग भाचीनेच सांगितलं, बँक ऑफ इंग्लंडने 2017 मध्ये दहा पौंडांच्या नोटेवर ऑस्टिनच्या चित्राखाली हेच वाक्य छापलंय. तेव्हा जरा निवळलो.

आणि खोडच लागली. पान फाडलं की बोलणारा हुडकायचा. जुनी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट, खर्च शून्य. थोडक्यात बोलण्यातच चातुर्य, हे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये राजाचा सल्लागार पोलोनियस म्हणतो, आणि त्याचं पाल्हाळ ऐकून राणीच त्याला मुद्द्यावर आणते. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला मिकॉबर तर भारीच: उत्पन्न 20 पौंड, खर्च त्याहून सहा पेन्स कमी तर सुख, सहा पेन्स जास्त तर दैन्य. हे शहाणपण तो कर्जापायी तुरुंगात जाऊन आल्यावर सांगतो! पान जपायचं होतं, पण मागे वाण्याची यादी लिहून बसलो होतो. ऑस्कर वाइल्डच्या नावावरचं 'तुम्ही तुम्हीच असा, बाकी सगळे आधीच घेतले गेलेत' हे तर त्याच्या लिखाणात सापडतच नाही.

तर आता चार तारे. कागद जाड, मागची बाजू कोरी, दुधाचा हिशेब मावतो, शाई फुटत नाही. एक तारा रविवारचा कापलाय, तो कापलेलाच राहील. पुढच्या वर्षीचं 399 ला दिसतंय. दिवाळीपर्यंत थांबतोय.