खांद्याखालचा जेल रोल आणि डोक्याची रिंग: आठ महिने वापरल्यावर

आमच्या हृदयशस्त्रक्रियेच्या ऑपरेशन थिएटरमध्ये आठ महिन्यांपूर्वी हा संच आला: खांद्याखाली घालायचे दोन जेल रोल, एक जाड आणि एक पातळ, शिवाय डोक्याखालची रिंग. त्याआधी चादरीची गुंडाळी करायचो, नाहीतर सलाइनची पिशवी कापडात गुंडाळून घालायचो. चादर वजनाने दबते, एका अंगाला सरकते आणि तिच्याबरोबर मानही वाकडी होते. मी भूलतज्ज्ञ आहे, मानेतल्या उजव्या शिरेत सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी, घालणं हे माझं रोजचं काम. म्हणून सांगते, पातळ रोल आणि रिंग जरूर घ्या. जाड रोल आमच्याकडे कपाटातच पडून आहे.

जाड रोलने मान छान ताणली जाते, काम करायला जागा होते, असं वरून वाटतं. पहिल्याच आठवड्यात सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर शीर चपटी झालेली, पडद्यावर नुसती एक काळी फट. जाड काढून पातळ रोल घातला, डोकं थोडं मधे आणलं, आणि तीच शीर डोळ्यांदेखत गोल भरली. तेव्हापासून पेशंटची मान जंतुनाशकाने रंगवण्याआधी, म्हणजे स्थिती बदलणं सोपं असतं तेव्हाच, प्रोब एकदा ठेवून बघते. प्रोबही हलकाच ठेवायचा, जोर दिला की शीर दबते.

डोकं वळवण्याचंही असंच. डावीकडे पार फिरवलं की शीर मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या अगदी वर येते, आणि सुई शिरेच्या मागच्या भिंतीतून गेलीच तर थेट धमनीत. मी 30 अंशांच्या पुढे सहसा जात नाही. रिंग इथे खरी कामाला येते: ठेवलेल्या कोनात डोकं टिकतं, टेक्निशियनला ते हाताने धरून उभं राहावं लागत नाही.

टेबल डोक्याकडून 10-15 अंश खाली केलं की शीर भरते आणि सुईचं तोंड उघडं असताना हवा आत ओढली जाण्याचा धोका कमी होतो. चादरीवर पेशंट अशा वेळी हळूहळू डोक्याकडे घसरायचा. जेलवर घसरत नाही. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

पण प्रत्येकाला डोकं खाली करून चालत नाही. मध्यंतरी एक काकू होत्या, हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप फार अरुंद झालेली, रात्री तीन उशा लावून बसून झोपणाऱ्या. लाइन जागेपणीच घालायची ठरली होती. टेबल जरा खाली झालं तोच त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, "बाई, छाती भरून आली." लगेच टेबल वर घेतलं, पाठ उचलली आणि त्यांचा श्वास शांत होईपर्यंत थांबले. त्याच अर्धवट बसल्या स्थितीत प्रोब ठेवला तर शीर ठसठशीत भरलेली! हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब वाढलेल्या पेशंटची शीर मुळातच भरलेली असते, तिला उताराची गरज नसते. शेवटी भूल देऊन, श्वासनळीत नळी घातल्यावर टेबल सपाट ठेवूनच लाइन घातली. कोणताही रोल हा निर्णय आपल्यासाठी घेत नाही.

तक्रारी दोन. जेल फार गार पडतं, जागा असलेला पेशंट पाठ टेकताच दचकतो. वर कापड घातलं तर पकड जाते, म्हणून आमच्या सिस्टर रोल आधी गरम हवेच्या ब्लँकेटखाली ठेवतात. दुसरी तक्रार गंभीर आहे: सहाव्या महिन्यात पातळ रोलच्या कडेला बारीक चीर पडून चिकट जेल बाहेर आलं. अशी चीर नीट पुसता येत नाही, तो रोल वापरातून काढावाच लागतो. बदलून मिळायला तीन आठवडे गेले, तेवढे दिवस पुन्हा चादर. पातळ रोल दोन घेऊन ठेवा.

लाइन टाके घालून पक्की झाली की डोकं आठवणीने मधोमध आणा. छातीचं हाड फाकवल्यावर हाताकडे जाणाऱ्या नसा तशाही ताणल्या जातात, त्यात मान तासन्‌तास वळलेली नको. रिंगमुळे हे काम एका हाताने होतं.

लहान मुलांच्या मापाचा रोल या संचात नाही. बाळाचं डोकं मोठं, मान आखूड, त्यांना हा पातळ रोलही उंच होतो. त्यांच्यासाठी आम्ही अजून छोट्या टॉवेलची घडीच घालतो.